दुष्काळाच्या पूर्वतयारीचे कागद : नगर जिल्ह्यांतील एक उपेक्षित दफ्तर

इतिहाससंशोधकांस नगर जिल्ह्याचें नांव नवें नाहीं. मलिक अहमदानें वसविलेली राजधानी, चांदबिबीनें लढविलेला किल्ला व मलिक अंबराचें राजकारण यांवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे, व पुढेंहि लिहिलें जाईल. इ. स. २०२४ पासून जिल्ह्याचें सरकारी नांव अहिल्यानगर असें झालें आहे. जुने कागद व लोकांची जीभ या दोहोंत ‘नगर’ हेंच नांव असल्यामुळें प्रस्तुत लेखांत आम्ही तेंच योजितों.

शके १५४६ मध्यें, म्हणजे इ. स. १६२४ सालीं, नगरच्या पूर्वेस भातवडी येथें मलिक अंबरानें मोंगल व आदिलशाही फौजांचा मोड केला. ह्या लढाईंत शहाजीराजे लढले व त्यांचे बंधु शरीफजी पडले. तेथील तळ्याचें पाणी सोडून अंबरानें शत्रूचा तळ चिखलांत रुतविला असें सांगतात. ह्या लढाईसंबंधीं एखादा नवा कागद कोणास सांपडला तर आपल्या मंडळांत त्याचें वाचन होईल, त्यावर वाद होईल, व तें योग्यच आहे. परंतु तेंच निजामशाही तळें इ. स. १८७० नंतरच्या दशकांत इंग्रज सरकारच्या पाटबंधारे खात्यानें दुरुस्त करून शेतीस पाणी देण्याच्या कामीं लाविलें, ह्याचे कागद कोणी मागत नाहीं. पाणी एक दिवस शस्त्र झालें त्याची बखर आम्हांस हवी असते. तेंच पाणी पिढ्यान् पिढ्या अन्न झालें त्याची यादी मात्र आम्ही रद्दींत घालतों.

हें लिहिण्यास एक निमित्त घडलें. दोन वर्षांपूर्वीं गोदातीरच्या एका गांवीं एका संग्राहक स्नेह्यांचें दफ्तर पाहण्यास आम्ही गेलों होतों. त्यांनीं तीन रुमाल पुढें ठेविले. दोहोंत मोडी कागद होते. तिसरा त्यांनीं बाजूस सारला व म्हणाले, “मास्तर, हा रद्दीवाल्याचा.” आम्हीं सहज सोडून पाहिला. आंत बालबोध लिपींत, निळ्या शाईनें लिहिलेल्या सरकारी नकला होत्या. कोणत्या गांवीं कोणती विहीर टंचाईंत लोकांसाठीं घ्यावी ह्याची ती यादी होती, व एका विहिरीपुढें समासांत बारीक अक्षरांत लिहिलें होतें, ‘चैत्राअखेर टिकते.’ हे दोन शब्द कोणा अज्ञात कारकुनानें लिहिले, कोणाच्या तोंडून ऐकून लिहिले, हें कळण्यास मार्ग नाहीं. पण तो रुमाल आम्हीं मागून घेतला, व तेव्हांपासून अशा कागदांची परंपरा शोधण्याचा नाद लागला. त्या शोधाचें फळ येथें थोडक्यांत देतों.

१

संकट येण्यापूर्वीं त्याची तजवीज प्रतिवर्षीं करावी ही कल्पना इंग्रजांनीं आणली असा एक समज आहे. तो बरोबर नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत उपनिपातप्रतीकार नांवाचा अध्याय आहे. त्यांत अग्नि, उदक, व्याधि, दुर्भिक्ष, उंदीर, हिंस्र पशु, सर्प व राक्षस हीं आठ दैवी महाभयें गणलीं आहेत. राक्षसांचा भाग सोडला तर बाकीचीं कलमें आजच्या कोणत्याहि जिल्हा कचेरीस ओळखीचीं वाटतील. ग्रीष्मांत स्वयंपाक घराबाहेर करावा. पावसाळ्याच्या रात्रीं नदीकाठच्या गांवांनीं काठ सोडून राहावें व लांकडें, वेळू आणि नावा जवळ बाळगाव्या. दुर्भिक्षांत राजानें बियाणें व अन्न द्यावें, किंवा अन्न देऊन दुर्ग व सेतु यांचीं कामें काढावीं, असा त्याचा आशय आहे. येथें ऋतूंचा उल्लेख लक्षांत घेण्याजोगा आहे. ग्रीष्म आणि वर्षा प्रतिवर्षीं येतात. म्हणून त्यांसंबंधींचा नियमहि प्रतिवर्षीं पाळावयाचा असतो.

हा ग्रंथ आपणांस मिळाला तो तंजावरकडील एका पंडितानें म्हैसूरच्या ग्रंथालयास दिलेल्या पोथीमुळें. शामशास्त्र्यांनीं तो इ. स. १९०९ मध्यें छापला. ती पोथी कोणी रद्दी म्हणून बाजूस सारली असती तर काय झालें असतें, हें संग्राहकांनीं मनाशीं ताडून पाहावें.

आपल्याकडे अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत गडाच्या पाण्याविषयीं जो विचार सांगितला तो ह्याच जातीचा आहे. गडावर झरा आहे एवढ्यावर विसंबूं नये, कारण तोफांच्या आवाजानें झरे आटण्याचा संभव असतो. यासाठीं सांठ्याचें पाणी निराळें राखावें, असें त्यांचें सांगणें. नगर शहरापुरतें पाहिलें तर निजामशाहींतील खापरी नळांची योजना ह्याच दूरदृष्टीची साक्ष देते. शहराभोंवतालच्या उंच भूभागांतून, कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून, मातीच्या नळांनीं पाणी शहरांत व किल्ल्यांत आणिलें होतें. खेडोपाडीं धान्याचीं पेवें होतीं, पेशवाईंत तगाई व कौल होते. मात्र ह्या सर्व तजविजी त्या त्या धन्याच्या शहाणपणावर अवलंबून होत्या. धनी बदलला कीं नळ फुटे व पेवांत पाणी शिरे.

२

दरवर्षीं ठरल्या वेळीं, धनी कोणीहि असो, करावयाची लेखी तयारी आपल्या भागांत आली ती इ. स. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर. त्या दुष्काळांत नगर जिल्हा होरपळला. दौंड–मनमाड लोहमार्ग नगरवरून जातो. त्याच्या मातीकामावर दुष्काळपीडित मजूर लाविले होते, व इ. स. १८७८ मध्यें तो मार्ग सुरू झाला. आज त्या गाडींत बसणाराच्या ध्यानींहि येत नाहीं कीं हा भराव भुकेल्या हातांनीं घातलेला आहे. त्या वेळीं कामें कोठें काढावीं, मजुरी किती द्यावी, अशक्तांस काय द्यावें, ह्याचा निकाल ऐन संकटांत, घाईनें व कित्येकदां निर्दयपणें लागला. सर रिचर्ड टेंपल यांनीं १८७७ मध्यें मजुरी कमी करविली तेव्हां मुंबई इलाख्यांतील मजुरांनीं कामें सोडलीं, व पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू मांडली.

ह्या अनुभवावरून इ. स. १८८० च्या दुष्काळ कमिशननें शिफारस केली, १८८३ मध्यें नमुन्याचा दुष्काळ कायदा तयार झाला, व त्यास अनुसरून निरनिराळ्या इलाख्यांनीं आपापले नियम केले. लोक त्यास ‘फॅमिन कोड’ म्हणत. त्यांतील आमच्या विषयाचें कलम हें कीं, प्रत्येक जिल्ह्यानें सुकाळांतच पुढील दुष्काळाच्या कामांची यादी तयार ठेवावी, व तिची प्रतिवर्षीं उजळणी करावी. कोणतें तळें खोदावें, कोणता रस्ता बांधावा, तेथें किती माणसें मावतील, पिण्याचें पाणी कोठून आणावें, हें सारें पीक डोलत असतां लिहावयाचें. इ. स. १९०१ च्या कमिशननेंहि ह्याच गोष्टीवर पुन्हां भर दिला.

पण नियम इंग्रजींत होता तोंपर्यंत तो कारकुनाचा होता. इ. स. १८९६ च्या दुष्काळांत लोकमान्य टिळकांनीं ‘केसरी’तून, व सार्वजनिक सभेनें आपल्या पत्रकांतून, ह्या नियमांत रयतेस काय मिळावयाचें आहे तें मराठींत समजावून सांगितलें. काम मागण्याचा हक्क आहे, पीक बुडालें असतां साऱ्यास तहकुबी मागतां येते, हें कुणब्यास प्रथमच कळलें. त्याचा परिणाम असा झाला कीं १८९७ मध्यें सरकारनें सभेची मान्यता काढून घेतली. कचेरींतील एक कागद लोकांच्या भाषेंत आला एवढ्यानें सरकार कसें अस्वस्थ होतें ह्याचें हें उदाहरण आहे. शासनाचा नियम व त्याची लोकांच्या हातीं पडलेली प्रत, हीं दोन्ही इतिहासाचीं साधनें होत. पैकीं दुसरीं फारच थोडीं उरलीं आहेत. १८९६ चीं तीं मराठी पत्रकें कोणाच्या दफ्तरांत असतील तर त्यांचें मोल एखाद्या सनदेहून कमी मानूं नये.

३

शब्दांच्या इतिहासाकडेहि येथें दृष्टि टाकिली पाहिजे. संस्कृतांत दुर्भिक्ष म्हणजे जेव्हां भिक्षा मिळणें कठीण होतें तो काळ. ह्या शब्दांत आभाळाचें नांवहि नाहीं. मागणारा व देणारा यांतील संबंध तुटला एवढेंच तो सांगतो. अवर्षण हा शब्द मात्र केवळ पावसाचा. मराठी ‘दुष्काळ’ ह्या दोहोंस पोटांत घेतो. इ. स. १९६३ मध्यें महाराष्ट्राच्या विधिमंडळानें कायदा करून राज्यांतील कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द वगळला व त्या जागीं टंचाईचा शब्द आणिला. हेतु असा कीं स्वतंत्र राज्यांत माणूस भुकेनें मरूं द्यावयाचा नाहीं. हेतु थोर होता. परंतु पुढील संशोधकानें सूचींत ‘दुष्काळ’ शोधला व ‘टंचाई’ शोधली नाहीं तर अर्धें दफ्तर त्याच्या दृष्टीआड राहील, हें येथें नमूद करून ठेवितों.

‘आणेवारी’चीहि हीच कथा. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक. त्या मानानें यंदाचें किती, ह्याचा अंदाज गांवोगांव काढून त्यावर साऱ्याची सूट ठरे. इ. स. १९५७ मध्यें दशमान नाणें आलें आणि आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांहून कमी भरलेलें गांव टंचाईचें, अशी रेघ पडली. नाणें व्यवहारांतून गेलें तरी रुपयाच्या भागांनीं पीक मोजण्याची रीत राहिली.

कायद्यांतून शब्द गेल्यावर दहा वर्षेंहि झालीं नाहींत, तोंच इ. स. १९७२ चा दुष्काळ आला. आम्ही त्या वेळीं मराठी शाळेंत होतों. आमची आई गांवाबाहेरच्या खडीच्या कामावर जात असे. सकाळीं मुकादम हजेरी घेई, दुपारीं सुकडी वांटली जाई. ती पदरांत बांधून आई घरीं आणी व आम्हां भावंडांस देई. १९७३ च्या मे महिन्यांत महाराष्ट्रांत अशा कामांवर सुमारें ५० लक्ष माणसें होतीं असें पुढें आम्हीं वाचलें. एवढ्या लोकांस काम देतां आलें, कारण कामें काढण्याची रीत व हजेरीपटाचा नमुना आधींपासून ठरलेला होता. ह्याच अनुभवांतून वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना दृढ झाली, १९७७ मध्यें तिचा कायदा संमत झाला व १९७९ च्या २६ जानेवारीस तो अंमलांत आला.

सेवानिवृत्तीनंतर आम्हीं एका कचेरींत त्या वेळचे हजेरीपट पाहावयास मागितले. उत्तर मिळालें कीं ते मुदतीनंतर नाश करण्याच्या वर्गांतले होते, व नियमाप्रमाणें त्यांचा नाश झाला. उत्तर देणारा गृहस्थ सभ्य होता आणि त्याचें म्हणणें नियमास धरून होतें. महसुली दफ्तराचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ वर्ग कायमचा, ड वर्ग अल्पायुषी. ज्या कागदावर आमच्या आईचा आंगठा होता तो अल्पायुषी वर्गांत पडला. ह्याविषयीं आमची कोणाविरुद्ध तक्रार नाहीं. मात्र जहागिरीचा कागद अ वर्गांत राहतो व आंगठ्याचा कागद जातो, ह्या वर्गवारीनें पुढील इतिहास कसा लिहिला जाईल तें उघड आहे.

४

सध्यांची व्यवस्था इ. स. २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्यावर उभी आहे. त्या अन्वयें प्रत्येक जिल्ह्यास प्राधिकरण असून जिल्हाधिकारी त्याचा अध्यक्ष असतो, व जिल्ह्याच्या योजनेचें प्रतिवर्षीं पुनरवलोकन करून ती अद्ययावत् करावी असें कलम आहे. १८८० च्या कमिशनची प्रतिवर्षींची उजळणी ती हीच. २०२५ च्या दुरुस्तीनें राजधान्या व महानगरपालिका असलेलीं मोठीं शहरें यांसाठीं निराळ्या नागरी प्राधिकरणाची तरतूद झाली आहे.

ह्या कचेरीचें वर्ष पंचांगासारखें फिरतें. पावसाळा सरत आला कीं नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. ऑक्टोबरापासून जूनपर्यंतचा टंचाई आराखडा तीन तिमाह्यांत मांडतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे अशी वर्षांतून चार वेळां ठरलेल्या विहिरींची पातळी मोजते. दुष्काळ ठरवितांना आतां पर्जन्य, पेरा, जमिनींतील ओल, भूजल व उपग्रहानें टिपलेली पिकांची स्थिति हींहि पाहतात. आराखड्यांतील उपाय ठराविक असतात : खासगी विहिरींचें अधिग्रहण, विहिरींचा गाळ काढणें, नळयोजनांची दुरुस्ती, विंधन विहिरी, टँकर, आणि बुडक्या घेणें. नदीच्या पात्रांत खड्डा खणून पाणी धरण्याची जी जागा तिला आमच्याकडे बुडकी म्हणतात. तो बायाबापड्यांचा शब्द सरकारी तक्त्याच्या रकान्यांत अद्यापि टिकून आहे. मे महिना आला कीं वहीचें पान उलटतें आणि दुसरी यादी सुरू होते : नदीकाठचीं गांवें, नावा, पोहणारे, शाळांतील निवाऱ्याच्या जागा व रात्रंदिवस चालणारा नियंत्रण कक्ष.

ज्या जिल्ह्याचें नांव दुष्काळाशीं जोडलेलें त्यास नावांची यादी कशाला, असें कोणी विचारील. १७,०४८ चौरस किलोमीटरांचा हा जिल्हा राज्यांत सर्वांत विस्तीर्ण आहे. पश्चिमेस अकोल्याच्या घाटमाथ्यावर मुसळधार, तर पूर्वेच्या व दक्षिणेच्या तालुक्यांत ढग कोरडे जातात. भंडारदऱ्याचें धरण इ. स. १९२६ मध्यें पुरें झालें तें ह्या विषमतेवर उतारा म्हणूनच. गोदावरीला पूर आला कीं कोपरगांव व पुणतांब्याच्या काठांस चिंता पडते. आणि एरवीं ओढ्यासारखी दिसणारी सीना २०२५ च्या सप्टेंबरांत अशी फुगली कीं खालीं सोलापूर जिल्ह्यांतील गांवांतून लोकांस हलवावें लागलें. आठ महाभयांत उदक व दुर्भिक्ष एकाच माळेंत कां गोंविलीं, ह्याचें उत्तर ही नदी देते.

५

ह्यावर एक आक्षेप येईल, व तो आमच्या स्नेह्यांनींच घेतला. ते म्हणाले, “असले आराखडे म्हणजे मागल्या सालची नक्कल. तारीख बदलतात नि सही करतात. ह्यांत इतिहास कोठला?” आक्षेप निराधार नाहीं. परंतु नक्कल हाच येथें पुरावा आहे. एका तालुक्याचे वीस वर्षांचे आराखडे एकापुढें एक मांडले, आणि एकाच गांवाचें नांव प्रत्येक सालीं टँकरच्या रकान्यांत आलें, तर त्या गांवीं मधल्या काळांत खर्चलेल्या पैशाचा निकाल लागला असें समजावें. उलट एखाद्या गांवाचें नांव अमुक सालापासून येईनासें झालें, तर त्या सालीं तेथें कांहीं घडलें आहे. तें काय, हें शोधणें संशोधकाचें काम.

नगर तालुक्यांतील हिवरेबाजार हें दुसऱ्या प्रकारचें उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. तेथें ग्रामस्थ प्रतिवर्षीं पडलेल्या पावसाचें मोजमाप करून पाण्याचा ताळेबंद मांडतात, आणि त्यावरून कोणतें पीक घ्यावें तें ठरवितात. पाणी कमी तर पेरा कमी. उसास व शेतीसाठीं विंधन विहिरींस त्यांनीं आपण होऊन बंदी घातली आहे. वार्षिक पूर्वतयारीचें हें काम कचेरींतून चावडीवर आलें. हे ताळेबंद लेखी आहेत. पन्नास वर्षांनीं त्यांची सलग मालिका कोणाच्या संग्रहीं मिळेल काय, हा प्रश्न आजच विचारण्याचा आहे.

सबब संग्राहक बंधूंस आमची विनंति अशी. आपल्या गांवच्या पैसेवारीच्या याद्या, टंचाईचे आराखडे, अधिग्रहित विहिरींचे तक्ते, हजेरीपट, सार्वजनिक सभेचीं वा तत्सम पत्रकें, पुराच्या वेळीं देवळाच्या पायरीवर केलेल्या खुणांचे ठसे, हीं जेथें आढळतील तेथें राखावीं. निदान नक्कल तरी करून ठेवावी. कागदावर गांव, साल व तो कोणाकडून मिळाला हें लिहावें. समासांतील मजकूर कधींहि सोडूं नये. ह्या जातीच्या कागदांत खरें ज्ञान पुष्कळदां समासांतच असतें.

शेवटीं त्या विहिरीविषयीं. लेखाची साक्ष स्थळानें पटवावी ह्या शिस्तीस अनुसरून गेल्या चैत्राच्या अखेरीस आम्ही ती यादी घेऊन त्या गांवीं गेलों. यादींत चार विहिरी होत्या. दोन बुजलेल्या आढळल्या. तिसरीचा पत्ता एका वृद्धेनें दाखविला. तेथें आतां घर आहे. चवथी, जिच्यापुढें समासांत टीप होती, ती बाभळींच्या आड मिळाली. कठडा ढासळला होता व लोकांनीं तींत कचरा टाकला होता. आम्हीं दोर सोडून पाहिला. दोर ओला होऊन वर आला. गांवच्या महसूल अधिकाऱ्यानें आमच्याजवळच्या यादीची प्रत उतरून घेतली व गाळ काढण्याच्या कामांत ही विहीर घालतों म्हणाला. मूळ कागद आम्हीं मंडळाच्या दफ्तरांत दाखल केला आहे. ज्यांस पाहणें असेल त्यांनीं तेथें पाहावा.